बेवारस माश्यांचा कारकून

पस्तीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेल्या गृहस्थाने उरलेले आयुष्य हरिस्मरणात घालवावे, हा शिष्टसंमत मार्ग सोडून मी देशी मधमाश्यांच्या अभ्यासासाठी दूरस्थ स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविले, तेव्हा आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची या पोळेवाल्या घराण्यांपलीकडे माझे ज्ञान गेलेले नव्हते. परंतु बहुतेक जातींना ना राणी असते ना मोहोळ, त्या एकेकट्या राहतात, असे पडद्यावरून शिकविणाऱ्या बाईंनी सांगितले आणि ठाणे जिल्ह्यातल्या दिव्यासारख्या गर्दीच्या गावात एकट्याने राहू शकणारा जीव मला प्रथमच ठाऊक झाला.

बाईंच्या हुकुमाबरहुकूम पिवळी, निळी व पांढरी अशा तीन वाट्या साबणाच्या पाण्याने भरून मी गच्चीवर मांडल्या. रंगाला भुलून माशी उतरते आणि साबणामुळे तरंगू न शकता बुडते. ज्या इमारतीत पाण्यासाठी माणसे पहाटे तीनला बादल्या घेऊन जागतात, तेथे ते उघड्यावर मांडणारा इसम तालेवार तरी असावा किंवा वेडा तरी. सोसायटीने दुसरा ठराव एकमताने मंजूर केला. सायंकाळी ऐवज मोजला, तो मध वजा जाता नुसत्या माश्याच हाती लागल्या.

टाचणीवर टोचलेल्या माशीच्या नमुन्याइतकीच त्याखालची चिठ्ठी मोलाची. मुक्काम, तारीख आणि संग्राहक यांची नोंद नसेल तर माशी बेवारस, हे कळल्यावर मात्र मला हुरूप आला. जन्मभर कागदांना टाचण्या लावल्या. आता टाचणीला कागद लावायचा होता. शिवाय १८९७ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील मधमाश्यांवर ग्रंथ सिद्ध करणारे बिंगहॅमसाहेबही ब्रह्मदेशच्या वनखात्यात नोकरी केलेलेच!

एके दिवशी तिन्हीसांजेला सौभाग्यवतींनी हाक मारली, "अहो, तुळशीला हे कोण लोंबकळतंय?" वाळक्या मंजिरीला जबड्याने घट्ट धरून, पाय आखडून, निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला जातकुळीचे तीन नर ओळीने झोपले होते. माद्यांना मातीतले बीळ असते. नरांच्या नशिबी रात्रभर काडी. छायाचित्रावरून जात ठरणार नाही, नमुनाच हवा, असा बाईंचा निर्वाळा होता, म्हणून मी माश्या मारण्याच्या औषधाची बरणी उघडली. पण लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला जमल्यास आत ओढावे, निदान ढकलू तरी नये, हा दिव्यातला अलिखित कायदा पस्तीस वर्षे पाळलेला हात पुढे होईना.

बरणी झाकली आणि चिठ्ठी तेवढी रीतसर लिहिली: मुक्काम दिवा, जिल्हा ठाणे, नग तीन, शेरा, नमुने निद्रिस्त, सबब जप्ती तहकूब.