बालविभागाच्या बाई

सार्वजनिक वाचनालयांचे इतिहास चाळले असता इमारतीची पायाभरणी, देणगीदारांचे संगमरवरी फलक, माजी अध्यक्षांची तैलचित्रे आणि दुर्मिळ ग्रंथांची कपाटे यांची तपशीलवार नोंद आढळते. मात्र मुख्य दालनाला लागून असलेल्या लहान खोलीत, मोठ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार न करता बनवलेल्या बुटक्या खुर्चीवर बसून एका हाताने तारखेचा शिक्का मारणारी आणि दुसऱ्या हाताने एखाद्या मुलाच्या तोंडातून पुस्तकाचा कोपरा सोडवणारी जी व्यक्ती असते, तिचा उल्लेख झालाच तर अहवालाच्या शेवटच्या पानावर, छापखान्याच्या मालकाचे आभार मानून झाल्यावर होतो. ही व्यक्ती म्हणजे बालविभागाच्या बाई. हजेरीपटावर त्या सहायक किंवा लिपिक असतात, मराठी शाळेतील मुलांच्या त्या बाई, इंग्रजी माध्यमातील मुलांच्या मिस आणि मे महिन्यात मुंबईहून आलेल्या मुलांच्या आंटी असतात. या तिन्ही हाकांना त्या ओ देतात, परंतु लिपिक म्हटलेले त्यांना खपत नाही.

या प्रकाराच्या वाढीस रत्नागिरीइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. येथील नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची आहे, आणि मेल्विल ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती, म्हणजे ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून प्रत्येक पुस्तकास विषयानुसार क्रमांक देण्याची रीत, १८७६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पुस्तके कशी लावावीत हे अमेरिकेत ठरण्यापूर्वी ४८ वर्षे रत्नागिरीत ती लावलेली होती. टिळकांचा जन्म याच शहरातला, केशवसुतांचे मालगुंड आणि साने गुरुजींचे पालगड याच जिल्ह्यातले. या वैभवाचा भार व्यासपीठावरील वक्ते केवळ भाषणापुरता उचलतात, परंतु तो कायमचा येऊन पडतो बाईंच्या टेबलावर, कारण मुलाचे बोट धरून आलेला प्रत्येक पालक ‘ह्याला काहीतरी संस्कारांचं द्या’ अशी मागणी करतो आणि त्याच वेळी ते मूल, वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, भुताचे पुस्तक आहे का असे विचारते. बाई वर ‘श्यामची आई’ व खाली भुताच्या गोष्टी असा जोड देतात. वडील वरचे पाहून समाधान पावतात, मूल खालचे वाचते, आणि आठवड्याने दोन्ही पुस्तके परत येतात तेव्हा वरचे, वडिलांनी स्वतःच वाचल्यामुळे, थोडे अधिक हाताळलेले असते.

जुन्या पिढीतील बाईंचे काम मुलांपासून पुस्तके वाचवणे हे होते. त्या काळी बंद कपाट पद्धत असे, म्हणजे वाचकाने यादीतून क्रमांक सांगायचा आणि कर्मचाऱ्याने कुलूप उघडून पुस्तक काढून द्यायचे. ‘गोट्या’ हवा असलेल्या मुलाला काचेपलीकडे गोट्या दिसत असे, पण यादीतील क्रमांक अचूक सांगता येईपर्यंत त्याची भेट होत नसे. पुढे मुक्तद्वार पद्धत आली, जिच्यात वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊन हवे ते काढतो, आणि तिच्यासोबत बाईंच्या कामाचे स्वरूपच उलटले. आता मुलांना पुस्तकांकडे ओढणे हे त्यांचे कर्तव्य झाले, आणि वाचनालय बंद झाल्यावर विज्ञानप्रयोगांच्या मागे लपवलेला फास्टर फेणे शोधून काढणे हेही. तो तिथे चुकून जात नसतो, अनामत भरलेली नसल्याने उद्या पुन्हा येऊन पुढचे प्रकरण वाचू इच्छिणारा एखादा गरजू वाचक त्याला तेथे दडवून गेलेला असतो. बाईंना तो वाचक कोण हे ठाऊक असते. त्या पुस्तक जागेवर लावत नाहीत, आणि वर्गीकरणशास्त्राविरुद्ध त्यांनी केलेला हा एकमेव गुन्हा होय.

‘शांतता राखा’ या फलकाखाली बसण्याची सवय असलेल्या बाईंना आता दर रविवारी त्याच फलकाखाली अस्वलाचा आवाज काढावा लागतो. गोष्टीचा तास हा आधुनिक बालविभागाचा अविभाज्य भाग मानला जातो. शेजारच्या वृत्तपत्र विभागातील सेवानिवृत्त मंडळींचा मात्र याबाबत मतभेद असून, अस्वल जोरात आले की ते शिपायामार्फत निरोप धाडतात. फलक काढावा अशी सूचना आली तेव्हा तो कार्यकारी मंडळाच्या ठरावाने लावलेला असल्याने ठरावाशिवाय काढता येणार नाही असे निष्पन्न झाले, सबब शांतता आणि अस्वल दोन्ही कायम आहेत.

निसर्गाचाही या व्यवसायात हात आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत बालपुस्तके या दमट हवेत पानाला पान चिकटून मिटतात, त्यामुळे सिंह आणि उंदीर यांची मैत्री श्रावणात कायमची होते. बुरशी, कसर आणि वाळवी यांच्याशी बाई डांबराच्या गोळ्या, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घेऊन लढतात. यांतील पाला त्या घरच्या तांदळातून काढून आणतात, त्यामुळे कोणत्या महिन्यात तांदळाला टोके लागतात आणि कोणत्या महिन्यात ‘चांदोबा’च्या जुन्या बांधीव अंकांना पाला मिळतो यांचा संबंध एखाद्या संशोधकाने तपासण्यासारखा आहे.

येथे घराचा विषय निघतो, आणि घर हेच बाईंचे खरे दुसरे दालन असते. ‘सून वाचनालयात जाते’ असे सासूबाई शेजारी सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याचा समज सून वाचायला जाते असा होतो, आणि ‘पंख्याखाली बसून पुस्तकं वाचायची आणि वर पगार!’ हे उद्गार बाईंना आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागतात. वस्तुतः पुस्तकांना क्रमांक घालताना बाई शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत एवढे वाचतात, आणि लग्नापूर्वी अर्धी राहिलेली एक कादंबरी अद्याप त्यांच्या उशाशी आहे. वाचनालयाची वेळ सकाळ आणि संध्याकाळ अशी तुटक असल्याने दुपारी घरी येऊन त्या कुळथाची पिठी आणि भात रांधतात, वाळत घातलेली आमसुले आत घेतात आणि चारच्या आत पुन्हा निघतात. दिवेलागणीला, म्हणजे आईने मुलांना जवळ घेऊन बसावे अशी ज्या वेळेची ख्याती आहे त्या वेळी, त्या इतरांच्या मुलांना गोष्ट सांगत असतात आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांना मोबाईल गोष्ट सांगत असतो.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रवर्तक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रे, ज्यांत पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचवावा अशा तत्त्वांचा समावेश आहे, बाईंनी प्रमाणपत्र वर्गात पाठ केलेली असतात आणि संसारात लागू केलेली असतात. नेलकटर कुठे आहे या यजमानांच्या प्रश्नाला ‘देवघराशेजारचं कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून तिसरा डबा’ असे उत्तर मिळते. जाऊबाईंनी चकल्यांसाठी सोऱ्या नेला की त्याची वहीत परतीच्या तारखेसह नोंद होते, आणि तारीख उलटल्यावर बाईंनी सहज आठवण केली म्हणून एका दिवाळीत दोन्ही घरांतून फराळाची देवघेव थांबते. त्यांचा स्वतःचा मुलगा हा बालविभागातील सर्वांत अनियमित सभासद असतो, आणि त्याचे विलंब शुल्क बाई रीतसर पावती फाडून स्वतःच्या पाकिटातून भरतात. यजमान याला अव्यवहार म्हणतात, परंतु बालविभागात इतका स्वच्छ हिशेब त्या पावतीपुस्तकाखेरीज कोठेही सापडणार नाही.

मे महिना ही बालविभागाच्या वार्षिक चक्राची परमावधी होय. आंबा, चाकरमानी आणि नातवंडे एकाच वेळी येतात. आजोबांच्या वर्गणीवर तात्पुरते सभासदत्व काढले जाते, पुस्तकांच्या पानांवर हापूसचे ठसे उमटतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काही पुस्तके कोकण रेल्वेने डोंबिवलीला जातात. दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला अनुक्रमांक देणाऱ्या मोठ्या वहीत, ती रत्नागिरीचीच राहतात.

अलीकडे या वहीच्या जोडीला संगणक आला आहे. बाईंनी हजारो नोंदी संगणकात भरल्या, परंतु वार्षिक तपासणीसाठी वही लागतेच, म्हणून त्या वहीही भरतात. नवे काम येताना जुने जात नाही हा नियम रंगनाथन यांच्या सूत्रांत नसला तरी व्यवहारात सहावा मानण्यास हरकत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वाचनालये बंद झाली तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरात मोबाईल उभा करून गोष्टी ध्वनिचित्रमुद्रित केल्या, आणि राक्षस प्रकट होताच कुकरची शिट्टी वाजल्याने ती गोष्ट विशेष लोकप्रिय झाली. टाळेबंदी उठली, पण पालकांचा व्हॉट्सॲप गट उठला नाही. रात्री साडेदहाला ‘उद्या निबंध आहे, माझा आवडता पक्षी, काही आहे का’ असा संदेश तेथे येतो आणि बाई अंथरुणातून पक्ष्यांच्या पुस्तकाचा कप्पा कळवतात.

राहिला पगार. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये संस्थांनी चालवायची आणि शासनाने त्यांना अ, ब, क, ड या वर्गानुसार अनुदान द्यायचे अशी रचना आहे, त्यामुळे बाई शासनाच्या नोकर नसतात, मात्र त्यांचा पगार शासनाच्या हप्त्यावर अवलंबून असतो. २०२२ च्या अखेरीस या अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरीही या पगारात एकट्या माणसाचे घर चालणे अवघडच आहे. १२ ऑगस्टला, म्हणजे रंगनाथन यांच्या जन्मदिनी, ग्रंथपाल दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी बाईंना देण्याचा पुष्पगुच्छ बहुतेक ठिकाणी बाईच येताना घेऊन येतात.

रत्नागिरीकरांनी, आणि रत्नागिरी सोडून गेलेल्यांनी विशेषतः, आपल्या घरातील माळे व जुन्या पेट्या एकदा तपासाव्यात आणि वाचनालयाचा शिक्का असलेले बालपुस्तक आढळल्यास ते परत करावे. बाई विलंब शुल्क माफ करणार नाहीत, परंतु पुस्तक कोणत्या साली, कितवीत असताना नेले होते हे तोंडपाठ सांगून पावती देतील.