पिशव्यांची पिशवी

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली एक हिशेब मांडला. आमच्या सोसायटीच्या पर्यावरण समितीचं नशीब थोर, तो अजून तिच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलेला नाही. हिशेब असा, की सुपरमार्केटातल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती पिशवी घेतली, तर पर्यावरणाचे सगळे निकष धरून ती निदान ७,१०० वेळा वापरली पाहिजे. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा, कारण सेंद्रिय शेतीत उतारा कमी, म्हणून तेवढ्याच कापसाला जमीन आणि पाणी जास्त. म्हणजे रोज न चुकता मंडईत गेलात तर साध्या सुती पिशवीचं पाप साडेएकोणीस वर्षांत फिटेल. सेंद्रिय पिशवीला पंचावन्न वर्षं लागतील. ती मृत्युपत्रात कुणाच्या तरी नावे करून जावी हे बरं.

प्लॅस्टिकवाल्यांनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. नुसत्या तापमानवाढीपुरतं पाहिलं तर साध्या सुती पिशवीचा आकडा ५२ वर येतो. शिवाय पिशवी गटाराच्या तोंडाशी बसली की काय होतं, हे त्या अहवालात धरलेलंच नाही. डेन्मार्कमध्ये मुंबईसारखा २६ जुलै झालेला नाही.

मुद्दा एवढाच, की कापडी पिशवी वापरली तर भलं करते, आणि आपण ती वाटतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड लागू झाला, आणि त्या आठवड्यात सबंध पुणे शहर एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन चितळ्यांच्या दुकानापुढच्या संयमाने रांगेत उभं होतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे पन्नास पैसे परत मिळायचे होते. ते आमच्या दूधवाल्याने अजून पाहिलेले नाहीत. पण कापडी पिशवीने मात्र त्यानंतर जी उचल खाल्ली ती खाल्लीच. बारसं, मुंज, डोहाळजेवण, एकसष्टी, सराफाच्या दुकानाचा वर्धापनदिन, दंतवैद्यांचं अधिवेशन, कुठेही जा, येताना हातात पिशवी. तिच्यावर ‘प्लॅस्टिक टाळा’ आणि खाली प्रायोजक. दिवाळीच्या सुमाराला ‘भावी नगरसेवक’ हात जोडलेल्या फोटोसह पिशवी घरपोच करतात. ही पिशवी मंडईत नेता येत नाही, कारण कोथिंबीरवाला दुसऱ्या पक्षाचा असतो. फेकताही येत नाही, कारण कापडी आहे. मग ती जाते दाराआडच्या खिळ्यावर. पूर्वी प्रत्येक घरात एका खिळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबलेली एक प्लॅस्टिकची पिशवी असायची. आता कापडी पिशव्या कोंबलेली कापडी पिशवी असते. त्या दोन खिळ्यांमध्ये राज्याचं पर्यावरण धोरण लोंबकळतं आहे.

बरं, कापडी म्हणून मिळालेल्या निम्म्या पिशव्या कापडीही नसतात. ते पातळ, खरखरीत, रंगीत जे असतं त्याला नॉन-वोवन म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं. शंका असेल तर कोपऱ्याला काडी लावून बघा. सुती असेल तर राख होते, नाहीतर टपटप वितळतं. हा प्रयोग भावी नगरसेवकांच्या देखत करू नये.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात तर हरितक्रांतीच झाली आहे. एकेकाळी वाणाला प्लॅस्टिकची गाळणी, साबणाची डबी, फार झालं तर स्टीलची वाटी मिळायची. आता आमच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी ‘पर्यावरणपूरक वाण’ सक्तीचं केलं. ज्या घरांमध्ये तांब्या तोंडापासून वीतभर उंच धरून पाणी प्यायची कला तीन पिढ्यांनी जोपासली, त्या घरांत स्टीलची स्ट्रॉ आली. तिच्यासोबत ती घासायचा ब्रश आला. ब्रशचे केस नायलॉनचे. बांबूचे टूथब्रश आले. केस पुन्हा नायलॉनचेच. नारळाच्या करवंटीची वाटी आली, कागदी पुठ्ठ्यात, वर पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडकीसह. रथसप्तमीपर्यंत या वस्तू या घरातून त्या घरात फिरतात, आणि पुढच्या वर्षी त्यातली एखादी स्ट्रॉ आपल्याच घरी परत येते. ब्लाउजपीसचं तर सांगायलाच नको. मराठी ओटीतला ब्लाउजपीस शिवला जात नाही, तो फक्त प्रवास करतो. वस्तू न वापरता अखंड फिरती ठेवायची ही पद्धत युरोपात कुणाला सुचली असती तर तिच्यावर परिषदा झाल्या असत्या.

या वर्षी समितीने पुढचं पाऊल टाकलं. ‘पसारा कमी, मन हलकं’ या विषयावर कार्यशाळा झाली. मार्गदर्शक बाई मेरी कोंडोच्या पंथातल्या. मेरी कोंडो म्हणजे ती जपानी लेखिका, जिने जगाला प्रत्येक वस्तू हातात धरून ‘हिने आनंद होतो का?’ असं विचारायला शिकवलं. होत नसेल तर वस्तूचे आभार मानून निरोप द्यायचा. कल्पना वाईट नाही. पण तिच्या गावी लेमन सेट नसावा. लेमन सेट म्हणजे एक काचेचा जग आणि सहा पेले, त्यावर संत्री नाहीतर फुलं. नव्वदच्या आधी लग्न झालेल्या कुठल्याही मराठी जोडप्याला तो निदान चारदा मिळालेला असतो. तो हातात धरून आनंद होतो का, हा प्रश्नच गैरलागू. तो कुणी दिला, त्यांच्या मुलाच्या लग्नात आपण काय दिलं आणि ते आपल्याकडे आले तर तो शोकेसमध्ये दिसेल का, हे प्रश्न असतात. आमच्या इमारतीत एका आजोबांनी सुनेच्या आग्रहाखातर लेमन सेट हातात धरला आणि डोळे मिटले. सुनेला वाटलं, निरोप चालू आहे. आजोबा म्हणाले, “जगाचं झाकण कुठंय?”

कोंडोबाईंनी स्वतः २०१९ साली ऑनलाइन दुकान काढलं. घर रिकामं झाल्यावर त्यात ठेवायला बऱ्याच वस्तू तिथे होत्या. त्यातला एक नादकाटा आणि सोबतचा गुलाबी स्फटिक यांची किंमत ७५ डॉलर. पुढे २०२३ साली, तिसरं मूल झाल्यानंतर, घर नीटनेटकं ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडला आहे असंही त्यांनी सांगून टाकलं. मला हा त्यांच्या शिकवणुकीचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. कार्यशाळेत तो वगळला होता.

कार्यशाळेनंतरच्या रविवारी सोसायटीत जे घडलं ते मात्र पाहण्यासारखं होतं. पसारा काढायचा म्हणजे तो कुठेतरी जायला हवा, आणि मध्यमवर्गाच्या पसाऱ्याला जायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, गावाकडचं घर. तिथे दार नसलेला फ्रीज, चाक नसलेली सायकल आणि ‘तिकडे कुणी नसतंच’ असं म्हणून पाठवलेला सोफा असतो. मग गणपतीत सगळे जमले की तिकडे बसायला जागा नसते. दुसरी, पूरग्रस्त. कुठे पूर आला रे आला की आमच्या कपाटांना माणुसकीचा पाझर फुटतो. मदत घेणारे बिचारे दर वेळी कळवळून सांगतात, की फाटके कपडे पाठवू नका, त्यांचे ढीग उचलायला आम्हालाच माणसं लागतात. तरी आम्ही जरीचे ब्लाउज, कोट आणि एका पायाचा बूट पाठवतोच. तिसरी आणि हुकमी जागा म्हणजे कामाला येणाऱ्या मावशी. आपल्या तीन खोल्यांत न मावणारं सामान मावशींच्या एका खोलीत मावतं, हा भूमितीतला चमत्कार फक्त रविवारी सकाळी घडतो. मावशी नाही म्हणत नाहीत, कारण पगारवाढीचा विषय पुढच्याच महिन्यात काढायचा असतो.

बोहारीण होती तोवर या व्यवहारात निदान घासाघीस होती. ती साडी उजेडात धरायची, जर खरी की खोटी बघायची, ‘ह्याचं एवढंच पातेलं येईल’ म्हणायची. कपडे टाकणाऱ्याला त्यांची खरी किंमत तोंडावर ऐकून घ्यावी लागायची. आता आपण दान करतो. दानात भाव कळत नाही.

घरं रिकामी झाली आणि त्याच आठवड्यात कुरिअरवाल्यांची रांग लागली. रिकाम्या झालेल्या फडताळात एकसारख्या काचेच्या बरण्या हव्यात, वर बांबूचं झाकण हवं, त्यावर ‘तूरडाळ’ असं लिहिलेलं असावं, म्हणजे तूरडाळ ओळखू येते. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे जे डबे वर्षानुवर्षं डाळी सांभाळत होते, त्यांना आनंद देत नाहीत म्हणून सेवामुक्त केलं. प्लॅस्टिकचा डबा पुन्हा पुन्हा वापरला गेला, तर ते पाप की पुण्य, यावर अध्यक्षबाईंनी ‘दिसायला बरं दिसत नाही’ असा निर्णय दिला.

इथे कुणीतरी उठून ‘आमच्या आजीच्या काळी’ म्हणणार, हे मला माहीत आहे. आमच्या आजीच्या काळी जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, राखेने भांडी निघायची, कचरा असा नसायचाच. सगळं खरं. फक्त ती गोधडी शिवायची आजीने, धुवायची आजीने आणि राखेने हातांची सालं निघायची तीही आजीचीच. आजोबा त्या वेळी ओटीवर पर्यावरणपूरक पद्धतीने पान खात असत. नायलॉनची साडी बाजारात आली तेव्हा तिचं सर्वांत मोकळ्या मनाने स्वागत आजीनेच केलं. धुतली की वाळते, इस्त्री नको. प्लॅस्टिकची बादली आली तेव्हा पितळेची घंगाळं मोडीत घालायला तीच पुढे होती. त्या बाईला विचारून कुणी काही लिहिलेलं नाही.

ओल्या कचऱ्याचं प्रकरण वेगळं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते, आणि सूट या शब्दाला पुणेकर कसा जागतो हे सांगायला नको. आमच्याकडे खड्डा आहे. त्यावर फलक आहे. गांडुळं तपासणीच्या आदल्या दिवशी येतात आणि पाहणी आटोपली की जातात. मला वाटतं, ती बऱ्याच सोसायट्या करतात. बिल्डरने दिलेलं खताचं यंत्र तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी आहे. ताबा मिळाला त्या दिवशी ते चालू होतं असं जुने रहिवासी सांगतात. त्यानंतर विजेचं बिल आलं. सध्या त्यावर गणपतीच्या मखराचा थर्मोकोल ठेवतात. थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून तो तिथे आहे, कारण बंदी असलेली वस्तू फेकायची कशी, यावर समितीत एकमत होत नाही.

या सगळ्याचा खरा हिशेब ज्यांच्याकडे आहे त्या सकाळी सातला येतात. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिच्या सभासदांनी दारोदारचा कचरा गोळा करायला घेतला. आज त्या तीन हजारांहून अधिक आहेत. आमच्या ताई त्यांतल्याच. कुठल्या घरात काय आलं, काय गेलं, कुणाचा पथ्याचा निश्चय मोडला, कुणी सेंद्रिय म्हणून कुठला गूळ आणला, हे त्यांना आमच्याआधी कळतं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येत नाही, एवढीच त्यांची एक मागणी होती. त्यासाठी समितीने पोस्टर छापलं. फ्लेक्सवर. ठिपका काढायला पेन मात्र कुणालाच सापडत नाही.

जागतिक पर्यावरणदिनी ५ जूनला ताईंचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, एक रोपटं आणि सन्मानचिन्ह. अध्यक्षबाईंचं भाषण झालं, ‘या खऱ्या पर्यावरणदूत’ असं झालं, टाळ्या झाल्या. ताईंनी शाल घडी करून ठेवली, नारळ पिशवीत टाकला. सन्मानचिन्ह हातात घेऊन उलटसुलट केलं, नखाने कड खरवडली, ठोकून पाहिलं. माइक अजून चालूच होता.

“हे वरचं अॅक्रिलिक, खालचा भुसा दाबलेला, मधी पत्रा चिकटवलाय,” ताई म्हणाल्या. “सुटं होत नाही. ह्याला भंगारवाला रुपया देणार नाही, मॅडम. पुढच्या टायमाला एकाच मालाचं बनवा. आणि बी विंगचे तीन महिन्यांचे पैसे राहिलेत, तेवढे आज मिळतील का?”