आपल्या ‘नॉर्मल’बद्दल आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,


माझ्या धाकट्या बहिणीसाठी आपण पुरी चार मिनिटं काढलीत, त्याबद्दल मनापासून आभार. “दोन वर्षांपूर्वी गावात गढूळ पाणी आलं, आठवडाभर जुलाब झाले, तेव्हापासून...” एवढं ती बोलली आणि आपण हात वर केलात. पुढचं सांगण्याचे तिचे कष्ट वाचले.

रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी झाली. फाइलवर आपण ‘नॉर्मल’ लिहिलंत, खाली दोन ठसठशीत रेघा ओढल्यात. “मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नका,” हा उपदेशही दिलात. आम्ही ऋणी आहोत.

आपली ही नॉर्मल पेशंट शाळेत शिकवते. एसटीने जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून उपाशी. पर्समध्ये जादा सलवार. रुमालाच्या टोकाला पाच रुपयांचं नाणं गाठ मारून ठेवलेलं, शौचालयाच्या दारात सुट्ट्यांसाठी खोळंबा नको म्हणून. कळ आली की ती गाठ तिच्या मुठीत असते.

आपल्या व्यासंगापुढे मी काय बोलणार? १९७३ साली रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला. ६० मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी जेमतेम ६ टक्के कळवळले. तिच्यासारखाच त्रास असलेल्या रुग्णांपैकी ५५ टक्के. आतडं दिसायला निर्मळ, पण त्याच्या नसा हुळहुळ्या. कोलोनोस्कोपीच्या कॅमेऱ्याला दुखणं कसं दिसावं?

अशा दुखण्यांच्या निदानासाठीच्या २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांत तर अशा विकारांना आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधांतले विकार म्हटलं आहे. निदान मुख्यतः लक्षणं ऐकून करायचं असतं: पोट आठवड्यातून एकदा तरी दुखतं का, शौचाशी त्याचा संबंध काय, शौचाला जाण्याच्या वेळा आणि शौचाचं रूप बदललं का. यातलं काहीही विचारून आपण तिला संकोचात टाकलं नाहीत. केवढी ही आपली माया!

आणि ते गढूळ पाणी. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये नळाचं पाणी दूषित झालं. सात जण दगावले, सुमारे २,३०० आजारी पडले. त्या गावावर डॉक्टरांनी आठ वर्षं नजर ठेवली. जुलाब थांबले, तरी कित्येकांचं पोट मागचं दुखणं विसरलं नाही. २०२१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेनमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की संसर्गाच्या वेळी पोटात असलेल्या अन्नालाच आतड्यातली प्रतिकारशक्ती पुढे शत्रू मानू लागते. ते अन्न पुन्हा पोटात गेलं की कळ.

म्हणजे साहेब, आपण हात वर केलात तो नेमका ‘तेव्हापासून’ या शब्दावर.

ती आता दुखण्याचं नाव काढायला भिते. “वेडी म्हणतील,” म्हणते. हा आपला प्रसाद तिने जपून ठेवला आहे.

हात जोडून एकच मागणं आहे. मंगळवारी मी तिला पुन्हा आपल्याकडे आणते आहे. फाइल बाजूला ठेवावी, तिला खुर्चीत नीट बसू द्यावं, आणि ते वाक्य तिला पुरं करू द्यावं.

आपली नम्र,
तिची थोरली बहीण