आमदाराची गृहभेट

ही बाई लोह्याला आहे, कंधारला आहे, मुखेडला आहे. पलीकडं अहमदपूर-जळकोटलाही आहे. आडनाव बदलतं, खांद्यावरची पिशवी तीच. वरच्या कप्प्यात लोहाच्या गोळ्या न् ओआरएसची पाकिटं, खालच्या कप्प्यात निवेदनं. गोळ्या संपतात. निवेदनं संपल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

ही आशाताई. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानं हजार लोकवस्तीमागं एक अशी तिची नेमणूक ठरवली. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट द्यायची. सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये. आमदारांना दिलेल्या निवेदनालाही ती हाच तक्ता लावते. तिच्या लेखी ते नुकतं जन्मलेलं लेकरू. घरच्यांच्या भरवशावर सोडलं की दगावलंच म्हणून समजा.

तिसऱ्या दिवशी ती बंगल्यावर हजर. "कसं हाय सायेब?" पीएला वाटतं तब्येत विचारतेय, म्हणून तो गुडघ्याचं सांगू लागतो. "तुमचं न्हाई, निवेदनाचं. आवक नंबर पडला का?" सातव्या दिवशी ती पोच मागते. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लावते. चौदाव्या दिवशी "साहेब मुंबईला गेलेत" असं उत्तर येतं. ती काही बोलत नाही, बाहेर उभ्या गाडीच्या बोनेटला हात लावते. गरम असतं. मग पायरीवर बसून पीएच्या आईचं बीपी चौकशीला घेते. मला विचाराल तर आमदारापर्यंतचा खरा रस्ता इथूनच जातो.

तरी साहेब निसटतात. पण लग्नसराईत आपल्याकडचा आमदार जाणार कुठं? विधानसभेत नसला तरी चालतं, मंगल कार्यालयात लागतोच. दोन मंगलाष्टकांच्या मध्ये ती त्यांना गाठते. साहेब अक्षता खिशात टाकून त्याच हातानं लिहितात, "योग्य ती कार्यवाही व्हावी." हे चार शब्द म्हणजे नुसतं मध चाटवणं, हे तिला पाठ आहे. ती अदबीनं सांगते, "दादा, ते नको. लक्षवेधी लावा." दादा नवरदेवाकडं बघू लागतात.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा गावोगाव शाली निघाल्या. फोटोत बघा, हिच्या एका हातात श्रीफळ दिसेल, दुसऱ्या हातात साहेबांकडं सरकवलेला कागद.

घोषणेवर तिचा विश्वास नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांनी मानधनात सात हजारांची वाढ जाहीर केली. गावात पेढे वाटले गेले. हिनं पेढा खाल्ला, पण म्हणाली, "ही नुसती नावनोंदणी. बाळंतपण जीआर निघाल्यावर." जीआर काही निघेना. जानेवारीत पुन्हा संप, फेब्रुवारीत मुंबईचं आझाद मैदान. रात्रीची गाडी, फडक्यात भाकरी न् शेंगदाण्याची चटणी, उशाला तीच पिशवी. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची आचारसंहिता लागायला तीन-चार दिवस उरले असताना, मंत्रिमंडळानं निर्णय घेतला. पाच हजार. सरपंचांनी विचारलं, "ताई, सातचे पाच कसे काय झाले?"

"कळा लांबल्या की वजन कमी भरतंया," ताई म्हणाली. "पण जगंल. हे पदरात घ्यायचं न् दुसऱ्याच्या मागं लागायचं."

दुसरं म्हणजे कामगाराचा दर्जा. किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं २०१३ सालीच केली. कागदोपत्री ही अजून 'स्वयंसेविका'च. तेवढ्या एका मागणीपुढं तिच्या डायरीत लाल पेनानं लिहिलंय, 'अतिजोखीम'. आमदारांच्या नावापुढंही शेरे आहेत. ते इथं छापता येत नाहीत. एवढंच सांगतो, की एकाच्या पुढं 'डोस चुकवतो' आहे.

या नादात तिची भाषा मात्र बिघडली. कुणीतरी तिला विधानसभेतल्या तारांकित प्रश्नोत्तराची झेरॉक्स दिली. त्यात 'हे खरे आहे काय' अशी सरबत्ती, आणि समोर मंत्र्यांची गुळगुळीत उत्तरं. तिनं ती अभंगासारखी पाठ केली. आता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा निघायचा असला, की घरातही सभागृह भरतं. परवा नवऱ्यानं विचारलं, "सैपाक झालाय का?"

"हे अंशतः खरे आहे."

"म्हंजी?"

"भाकरी झाल्यात. कालवणाबाबत कार्यवाही सुरू आहे."

नवरा पाट ओढून बसला. "मग उद्या तरी घरी हाईस का?"

"प्रश्न उद्भवत नाही," ती म्हणाली, आणि पिशवीच्या खालच्या कप्प्यात झेरॉक्स मोजून ठेवू लागली.