घरच्याला नारळ

अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०१४ मध्ये मार्क ऑलब्रायटनचा करार संपू दिला. पोरगा जवळच्याच टॅमवर्थचा, व्हिलाच्याच अकादमीत वाढलेला. घरच्या माणसाला नारळ देताना फारसा विचार करावा लागत नाही. लेस्टर सिटीने त्याला फुकटात उचललं.

विंगर म्हटला की प्रेक्षकांना डोळे दिपवणाऱ्या हुलकावण्या हव्या असतात. हा गडी मात्र क्रॉस टाकायचा आणि चेंडू हातचा गेला की आपल्या बचावपटूच्या मदतीला उलट धावत सुटायचा. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये तो सगळे ३८ सामने खेळला. लेस्टरने ८१ गुणांनिशी विजेतेपद पटकावलं. त्याच मोसमात व्हिला अवघ्या १७ गुणांवर तळाला बसलं आणि खालच्या विभागात रवाना झालं.

काटकसर फळाला आली म्हणायची!

लेस्टरच्या चाहत्यांनी त्याचे संघसहकारी महरेझच्या पायांचं, व्हार्डीच्या गोलांचं कौतुक केलंच; पण ऑलब्रायटनच्या घामाचा हिशेबही चोख ठेवला. चॅम्पियन्स लीगमधला क्लबचा पहिलावहिला गोल, सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रुगविरुद्ध, त्याचाच. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हाही लेस्टरचाच खेळाडू होता.