आई ठणठणीत, मुलगा नकलेच्या मागे

"मावशी, ऐकलंत का? पुढच्या गल्लीतले भावजी निबंधकाच्या कचेरीतून हात हलवत परत आले!"

ट्रॉम्बे कोळीवाड्यात दोन घरांमधल्या तारेवर मावशींचे बोंबील वाळत होते. वहिनी पलीकडून मान उंचावून बोलत होत्या.

"कशाला गेला होता तो?"

"आईच्या मृत्युपत्राची नक्कल काढायला."

"अगं, म्हातारी सकाळी जेट्टीवर कोळंबीच्या भावावरून भांडत होती!"

"तेच ना! भावजी आधार कार्ड दाखवतायत, रेशनकार्ड दाखवतायत, एकुलता एक मुलगा आहे म्हणतायत. कारकून एकच सांगतो, आईंना पाठवा."

"बरोबर सांगतो. फ्लॅटचा इंडेक्स टू कोणीही काढतं, म्हणून ह्याला वाटलं, हेही तसंच. 1908च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं, तीन नंबरचं. करणारा जिता आहे तोवर नक्कल त्याला, नाहीतर त्याच्या मुखत्याराला."

"आणि गेल्यावर?"

"कोणीही अर्ज करावा. तूसुद्धा."

"मी?" वहिनींनी आधी इकडेतिकडे बघितलं.

मावशींची सारी नोकरी फोर्टातल्या एका वकिलाकडे झाली. "आमच्याकडे जुनी फाइल मागायला अशिलाचा भाऊ यायचा, बायको यायची. साहेब म्हणायचे, अशिलाची चिठ्ठी आणा. चिठ्ठीवरची सही मी वकालतनाम्यावरच्या सहीशी ताडून बघायची. नातेवाईक खरा असायचा गं, पण अशील त्याच्याशीच भांडत असायचा!"

"दवाखान्यात बरे कागद देतात."

"रुग्णाला, नाहीतर त्यानं नेमलेल्याला. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या नियमांत त्याला 72 तासांची मुदत आहे. शेजारणीला नाही देत."

"मग त्या मंत्र्यांचे कागद कसे मागितले लोकांनी?"

"सुरूपसिंग नाईकांचे? ती गोष्ट निराळी. 2006 साली सुप्रीम कोर्टानं अवमानाबद्दल त्यांना महिनाभराची कैद दिली आणि त्यातले बरेच दिवस ते जे. जे. रुग्णालयात! माहिती अधिकारात कुणीतरी कागद मागितले. नाईक म्हणाले, हे माझं खासगी. 2007 मध्ये हायकोर्ट म्हणालं, शिक्षा भोगणाऱ्याचे कागद लोकहितासाठी उघडता येतात. आपल्या म्हातारीनं कुठे कैद भोगलीय?"

"मग भावजींनी करावं काय?"

"आईला विचारावं. हो म्हणाली, तर रिक्षानं न्यावं, अर्जावर सही तिची. नाही म्हणाली, तर गप घरी बसावं."