डासांच्या हितार्थ प्रवास-सूचना

भडगावहून घानाला जायचं तर पहिला टप्पा कजगाव नाहीतर चाळीसगाव स्टेशन, दुसरा मुंबई, तिसरा दुबई किंवा अदीस अबाबा, आणि मग आक्रा. यातला अवघड पहिलाच. पुढे सगळीकडे बसायला जागा असते.

खान्देशातला माणूस घानात कशाला, असं विचारू नये. ठिबकच्या नळ्या नि कापूस जिथे, तिथे आपला माणूस कधी ना कधी पोचतोच. आमच्या गल्लीतला एक जण निघाला, तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, “तठे काय मिळस खावाले भो?” केळी मिळतात. पिकलेल्या केळीचे तुकडे आलं-मिरची चोळून तळतात, त्याला केलेवेले म्हणतात. केळीच्या जिल्ह्यातून जाऊन पुन्हा केळीच खायची म्हणताच पारावरचा निम्मा उत्साह ओसरला.

मुख्य सूचना पिवळ्या तापाच्या लसीची. ती तालुक्याला मिळत नाही. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतल्या मोजक्या सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तीही बहुधा ठरलेल्या वारी, कारण कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. पासपोर्ट न्यावा. झेरॉक्स कोणी मागितली नाही तरी न्यावी. डॉक्टर विचारतात, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का? लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात म्हणून. आमचा गडी माळकरी. त्याने उत्तरादाखल गळ्यातली माळ दाखवली. डॉक्टरांनी ‘नाही’वर खूण केली नि सुई टोचली. घरी आईला अंड्याचं सांगू नका, एवढीच त्याची विनंती.

ही लस आली कुठून, तेही ऐका. 1927 साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, असिबी नावाच्या तापाने फणफणलेल्या माणसाचं रक्त संशोधकांनी घेतलं. त्यातला विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला, त्याची लस झाली आणि ती करणाऱ्या मॅक्स थायलर यांना 1951 चं नोबेल मिळालं. घानाला जायची भीती वाटते म्हणून आपण टोचून घेतो ती सुई अशी घानाचीच. असिबी बरा झाला, पण स्टॉकहोमला त्याला कोणी बोलावलं नाही.

सुईनंतर दहा दिवसांनी लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागू होतं आणि 2016 च्या नियमाप्रमाणे जन्मभर चालतं. इतकी शाश्वती आपल्याकडे रेशनकार्डालाही नाही.

घानात उतरताना कार्ड बघतात, पण खरी कडक नजर परतताना मुंबईत. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. भारतात पिवळा ताप नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र मुबलक आहे. डेंग्यू नि चिकनगुनिया वाटण्याचं काम सध्या त्याच्याकडेच आहे. तुमच्या रक्तातून त्याला हे तिसरं खातं मिळू नये, म्हणून हा बंदोबस्त. थोडक्यात, कार्ड तुम्ही काढायचं नि सोवळं आपल्या डासाचं राखायचं.

डासाला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. नळाला पाणी रोज येत नसल्याने आम्ही ते ड्रम, टाकी, हंडे, जुनी बादली, जे हाताला लागेल त्यात भरून ठेवतो. आरोग्य कर्मचारी येतात, पाण्यात अळीनाशक अ‍ॅबेट टाकतात, ‘कोरडा दिवस पाळा’ सांगून भिंतीवर खडूने तारीख लिहून जातात. ती तारीख दिवाळीच्या रंगकामापर्यंत टिकते. धुरळणीचं यंत्र निवडणुकीच्या आसपास गल्लीत शिरतं; डास तेवढा वेळ शेजारच्या वॉर्डात जाऊन येतात.

बाकी सूचना किरकोळ. घड्याळ साडेपाच तास मागे घ्यावं. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात. ट्रो-ट्रो नावाची गाडी भरल्याशिवाय हलत नाही. पाचोऱ्याची काळी-पिवळी पाहिलेल्याला याहून जास्त सांगायला नको.

मलेरियाच्या काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. आमच्या गड्याने इमानाने घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याला सणकून ताप भरला. आफ्रिकेतून आणला, असं सांगत अख्खी गल्ली तोंडाला रुमाल लावून भेटायला गेली. संध्याकाळी रिपोर्ट आला. डेंग्यू, मुक्काम पोस्ट भडगाव.